बॅकअप सर्व्हरसाठी युजर ग्रुप आणि रिमोट अ‍ॅक्सेस: कोणाला कुठले हक्क द्यावेत?

पंचगंगा_आयटी

नमस्कार मंडळी. मुख्य ऑफिस कोल्हापुरात, शाखा सांगली, कराड आणि इचलकरंजीत. दोन डोमेन कंट्रोलर (ऑफिसची खाती आणि लॉग-ऑन सांभाळणारे सर्व्हर), एक फाइल सर्व्हर, एक टॅलीचा आणि एक एसक्यूएलचा, सगळे विंडोज सर्व्हर २०१९, हायपर-व्हीवर (म्हणजे व्हर्च्युअल मशीन). बॅकअपसाठी वीम बॅकअप अँड रेप्लिकेशन १२ हे सॉफ्टवेअर (पुढे नुसतं वीम) वेगळ्या मशीनवर आहे, तेही डोमेनमध्ये. बॅकअप नॅसवर, म्हणजे नेटवर्कवरच्या डिस्कच्या पेटीवर, जातो.

सध्या सगळे जण डोमेनचं अ‍ॅडमिनिस्ट्रेटर हे एकच खातं वापरतात. मुख्य ऑफिसात आम्ही दोघे, प्रत्येक शाखेत एक सहायक, आणि एएमसीवाल्यांचा (वार्षिक देखभाल कराराच्या कंपनीचा) इंजिनियर. तो बाहेरून एनीडेस्क या रिमोट अ‍ॅपने थेट वीम सर्व्हरवर येतो, पासवर्ड कायमचा सेट केलेला आहे. ऑडिटरने लेखी विचारलंय की बॅकअप कोण बघतो, रिस्टोर कोण करतो, डिलीट कोण करू शकतो. आज उत्तर एकच: सगळे.

विचारायचं ते असं:

१) सगळ्यांना बॅकअप ऑपरेटर्स ग्रुपमध्ये घातलं की भागेल का? सांगलीच्या सहायकाला अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीतल्या बॅकअप ऑपरेटर्समध्ये घालून पाहिलं, पण फाइल सर्व्हरवरच्या अकाउंट्स फोल्डरला त्याला अ‍ॅक्सेस डिनाइडच येतं.

२) एनीडेस्क बंद केलं तर रिमोटसाठी काय ठेवावं?

३) एएमसीवाल्याला जॉब बघता आणि चालवता यावेत, पण बॅकअप उडवता येऊ नये. हे जमतं का?

सह्याद्री_सिसअ‍ॅडमिन

आधी सांगलीच्या सहायकाला त्या ग्रुपमधून काढा, मग बाकीचं वाचा.

अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीच्या बिल्टइन कंटेनरमध्ये जो बॅकअप ऑपरेटर्स दिसतो, त्याचे हक्क फक्त डोमेन कंट्रोलर्सवर चालतात. फाइल सर्व्हरचा स्वतःचा लोकल बॅकअप ऑपरेटर्स ग्रुप असतो, तो वेगळा. दोघांचं नाव एक आणि एसआयडीही (विंडोजचा ओळख क्रमांक) एकच, एस-१-५-३२-५५१, म्हणून गल्लत होते. म्हणजे जिथे हक्क हवा होता तिथे त्याला काहीच मिळालं नाही, आणि जिथे कोणालाच मिळायला नको तिथे पूर्ण मिळाला. या ग्रुपचा सदस्य डोमेन कंट्रोलरच्या समोर बसून लॉग-ऑन करू शकतो, मशीन बंद करू शकतो, आणि रिमोट रजिस्ट्रीमार्फत सॅम, सिस्टिम आणि सिक्युरिटी हे हाइव्ह (रजिस्ट्रीच्या फाइली) दुसऱ्या मशीनवर सेव्ह करू शकतो. त्यातून डोमेन कंट्रोलरच्या मशीन खात्याचा हॅश (पासवर्डचं सांकेतिक रूप) निघतो, आणि तो हाती आला की डोमेनमधल्या सगळ्यांचे पासवर्ड हॅश ओढता येतात. तेव्हा हा ग्रुप रिकामा असणं हीच त्याची योग्य अवस्था.

आता हा ग्रुप देतो काय ते बघू. मुख्य हक्क दोन: 'बॅक अप फाइल्स अँड डिरेक्टरीज' आणि 'रिस्टोर फाइल्स अँड डिरेक्टरीज'. पहिल्याने एनटीएफएसच्या (विंडोजच्या फाइल सिस्टिमच्या) परमिशन्स डावलून कुठलीही फाइल वाचता येते. दुसऱ्याने परमिशन्स डावलून कुठलीही फाइल लिहिता येते आणि फाइलचा मालकही बदलता येतो. ज्याला सिस्टिम३२ मध्ये फाइल लिहिता येते, तो एखाद्या सर्व्हिसची ईएक्सई बदलून सिस्टिम हक्क मिळवतो. म्हणून रिस्टोरचा हक्क देणं म्हणजे त्या सर्व्हरचं अ‍ॅडमिनपद देणं, हे गृहीत धरूनच यादी बनवा.

फाइल सर्व्हरच्या लोकल ग्रुपमध्ये घातलं तरी एक्सप्लोररमधून फोल्डर उघडताना अ‍ॅक्सेस डिनाइड येतच राहील. एक्सप्लोरर फाइल साध्या पद्धतीने उघडतो, हा हक्क वापरत नाही. जो प्रोग्राम फाइल बॅकअप मोडमध्ये उघडतो, त्यालाच परमिशन्स डावलता येतात. उदाहरणार्थ रोबोकॉपी ही कॉपीची कमांड, बी स्विच दिल्यावर. तेही रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर करून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये, कारण साध्या प्रॉम्प्टच्या टोकनमधून (लॉग-ऑनवेळी मिळणाऱ्या हक्कांच्या यादीतून) यूएसी, म्हणजे वाढीव हक्क रोखून धरणारा विंडोजचा पहारा, हा हक्क काढून टाकतो. हूअ‍ॅमआय कमांडला प्रिव्ह स्विच देऊन तपासा. तिथे हक्कासमोर डिसेबल्ड दिसलं तर घाबरू नका: हक्क आहे, प्रोग्राम लागेल तेव्हा चालू करतो. यादीत ओळच नसेल तर मात्र हक्क पोचलेला नाही. ग्रुपमध्ये घातल्यावर लॉग-ऑफ करून परत लॉग-ऑन करायला हवं, नाहीतर जुनंच टोकन चालू राहतं.

ग्रुपची रचना अशी करा. डोमेनमध्ये तीन ग्लोबल ग्रुप: बॅकअप_पाहणी, बॅकअप_चालक, बॅकअप_रिस्टोर. माणसं फक्त यांत घालायची, सर्व्हरवर थेट कुणाचंही नाव नको. मग प्रत्येक सर्व्हरच्या लोकल ग्रुपमध्ये गरजेपुरता ग्लोबल ग्रुप. रोजच्या कामाचं खातं वेगळं, बॅकअपचं वेगळं. ईमेल उघडणाऱ्या खात्याला यातलं काही देऊ नका.

लोकल ग्रुप जीपीओने (डोमेनमधून मशीनवर लागणाऱ्या सेटिंगने) भरणार असाल तर जपून. रिस्ट्रिक्टेड ग्रुप्समध्ये मेंबर्सची यादी दिली की आधीचे सगळे सदस्य पुसले जातात. मेंबर ऑफ वापरलं तर फक्त भर पडते. आणि ती जीपीओ डोमेनच्या मुळाशी लिंक केलीत तर ती डोमेन कंट्रोलर्सनाही लागू होते, म्हणजे पुन्हा तोच घोळ. सर्व्हर्सच्या ओयूलाच (डोमेनमधल्या त्यांच्या कप्प्यालाच) लिंक करा.

फक्त वाचण्याचा हक्क द्यायचा असेल तर बॅकअप ऑपरेटर्सला हात न लावता युजर राइट्स असाइनमेंटमध्ये 'बॅक अप फाइल्स अँड डिरेक्टरीज' ही एकच ओळ आपल्या ग्रुपला देता येते. पण जीपीओत ही ओळ डिफाइन केली की ती जुन्या यादीची जागा घेते. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स आणि बॅकअप ऑपरेटर्स ही नावंही त्यातच परत लिहायला लागतात. ती विसरली तर रात्रीचे जॉब पडतात आणि कारण सकाळी शोधत बसायला लागतं.

टेपलायब्ररी

वरच्याशी पूर्ण सहमत. मी वीमच्या बाजूचं लिहितो. तुमच्या सहायकांना मुळात विंडोजचे हक्क लागतच नाहीत, वीमची भूमिका पुरते.

मेन मेन्यूमध्ये युजर्स अँड रोल्स उघडा. इन्स्टॉल केल्यावर तिथे सर्व्हरचा लोकल अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स ग्रुप बॅकअप अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून असतो. तुमचा वीम सर्व्हर डोमेनमध्ये आहे, म्हणजे प्रत्येक डोमेन अ‍ॅडमिन आपोआप बॅकअप अ‍ॅडमिनिस्ट्रेटर झालेला आहे. डोमेन हातचं गेलं की बॅकअपही त्याच क्षणी जातो, आणि रॅन्समवेअरवाले आधी बॅकअपच शोधतात. म्हणून वीम सर्व्हर डोमेनमधून काढून वर्कग्रुपमध्ये ठेवा. मग वीमसाठी डोमेनचे ग्रुप चालणार नाहीत, त्या मशीनवर लोकल खाती बनवायला लागतील. सहा माणसांसाठी हा त्रास नगण्य आहे.

भूमिका अशा द्या:

बॅकअप व्ह्यूअर: शाखांचे सहायक. जॉब आणि सेशन दिसतात, काही सुरू करता येत नाही. खरं तर शाखांना फक्त जॉब झाला की नाही एवढंच हवं असेल तर खातंच देऊ नका, जॉबच्या नोटिफिकेशनमध्ये ईमेल टाका.

बॅकअप ऑपरेटर: एएमसीचा इंजिनियर. असलेले जॉब सुरू-बंद करता येतात, जॉबची सेटिंग बदलता येत नाही, बॅकअप डिलीट करता येत नाही. पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. या भूमिकेला बॅकअप एक्सपोर्ट करता येतो आणि वीमझिपही काढता येतं, म्हणजे पूर्ण सर्व्हरची प्रत. डेटा बाहेर जाण्याची भीती असेल तर त्याला व्ह्यूअर ठेवा आणि जॉब तुम्ही चालवा.

रिस्टोर ऑपरेटर: तुमच्यापैकी एक. रिस्टोर कुठल्याही ठिकाणी करता येतो, म्हणजे बॅकअपमधलं सगळं वाचता येतं. पगारपत्रकाच्या फोल्डरवर कितीही कडक परमिशन लावा, ही भूमिका ते उघडू शकते. मालकांना हे आधी सांगून ठेवा.

बॅकअप अ‍ॅडमिनिस्ट्रेटर: दोन नावांची खाती. तिसरं नको.

क्रम चुकवू नका. आधी आपलं नावाचं खातं बॅकअप अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून घाला, त्याने कन्सोलमध्ये शिरून पाहा, आणि मगच डिफॉल्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्सची नोंद काढा. त्यानंतर एमएफए (पासवर्डसोबत ओळखीचा दुसरा पुरावा) चालू करा, १२ मध्ये सोय आहे. एमएफए ग्रुपवर लागत नाही, यादीतले ग्रुप काढून एकेक युजर घालायला लागतो. स्क्रिप्टसाठीच्या खात्यावर 'धिस इज अ सर्व्हिस अकाउंट' अशी खूण करता येते, त्याला एमएफए मागितलं जात नाही. ही खूण माणसाच्या खात्यावर कधीच नको.

आणि भूमिका कितीही छान लावल्या तरी वीम सर्व्हरवर जो विंडोजचा लोकल अ‍ॅडमिन आहे, तो डेटाबेसमध्ये साठवलेले सगळे पासवर्ड मोकळे करून वाचू शकतो. त्या मशीनचा अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स ग्रुप म्हणजे तुमच्या सगळ्या सर्व्हर्सच्या किल्ल्या. एएमसीवाला तिथे दिसता कामा नये.

रिमोटचा रस्ता: एनीडेस्क अनइन्स्टॉल. बाहेरून व्हीपीएन, व्हीपीएनमधून फक्त एका जंप मशीनवर (मधल्या थांब्याच्या मशीनवर) आरडीपी, म्हणजे रिमोट डेस्कटॉप, आणि त्या मशीनवर वीमचा कन्सोल. कन्सोल वीम सर्व्हरशी टीसीपी ९३९२ वर बोलतो. म्हणजे एएमसीवाल्याला वीम सर्व्हरवर आरडीपी लागतच नाही, त्याला तिथल्या रिमोट डेस्कटॉप युजर्समध्ये घालू नका. वीम सर्व्हरच्या विंडोज फायरवॉलमध्ये ९३९२ आणि ३३८९ (आरडीपी) च्या इनबाउंड नियमांच्या स्कोप टॅबवर रिमोट आयपी म्हणून फक्त जंप मशीनचा पत्ता टाका. रिमोट डेस्कटॉपचे टीसीपी आणि यूडीपी असे दोन नियम असतात, दोन्ही बदला. कन्सोलची आवृत्ती सर्व्हरशी जुळायला हवी, नाहीतर अपग्रेडनंतर रिमोट बंद पडला म्हणून फोन येतो.

एएमसीच्या खात्याला कराराच्या तारखेचं अकाउंट एक्स्पायर्स लावा. लॉग-ऑन अवर्सही लावता येतात, पण त्याने फक्त नवं लॉग-ऑन अडतं, चालू असलेलं आरडीपी सेशन वेळ संपली म्हणून तुटत नाही. त्यासाठी रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेसच्या जीपीओमध्ये सेशन टाइम लिमिट वेगळी लावा.

पंचगंगा_आयटी

मनापासून आभार दोघांचे. सहायकाला काढलं, वीम वर्कग्रुपमध्ये नेलं, भूमिका लावल्या, जंप मशीनही चालू झालं. दोन गोष्टी अडल्यात.

एक, सहायकाचा पासवर्ड आमच्या हेल्पडेस्कला आता रीसेट करता येत नाही. आधी येत होता. बाकी सगळ्यांचा होतो.

दोन, फाइल सर्व्हर वीममध्ये परत जोडताना फाइल सर्व्हरवरचं वीमसेवा हे लोकल खातं दिलं. ते तिथल्या अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्समध्ये आहे, पासवर्ड बरोबर आहे, तरी अ‍ॅक्सेस डिनाइड. बिल्टइन अ‍ॅडमिनिस्ट्रेटर दिला की लगेच जोडलं जातं. पोर्ट उघडे आहेत.

सह्याद्री_सिसअ‍ॅडमिन

दोन्ही ठिकाणी विंडोज ठरल्याप्रमाणेच वागतंय.

पहिलं. बॅकअप ऑपरेटर्स हा संरक्षित ग्रुप आहे. त्यात कुणी आलं की एसडीप्रॉप नावाची प्रक्रिया, जी पीडीसी एम्युलेटरवर (मुख्य भूमिकेच्या डोमेन कंट्रोलरवर) दर ६० मिनिटांनी चालते, त्या खात्याच्या परमिशन्स अ‍ॅडमिनएसडीहोल्डरच्या नमुन्याप्रमाणे लिहिते, ओयूवरून येणाऱ्या परमिशन्सचा वारसा बंद करते आणि खात्यावरची खूण अ‍ॅडमिनकाउंट १ करते. ग्रुपमधून काढल्यावर यातलं काहीच आपोआप मागे जात नाही. तुमच्या हेल्पडेस्कला पासवर्डचा हक्क ओयूवरून वारशाने मिळतो, तो या खात्यावर तुटलाय.

दुरुस्ती: अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी युजर्स अँड कॉम्प्युटर्समध्ये व्ह्यू मेन्यूतून अ‍ॅडव्हान्स्ड फीचर्स चालू करा. खात्याच्या सिक्युरिटी टॅबवर अ‍ॅडव्हान्स्ड, तिथे रिस्टोर डिफॉल्ट्स दाबा आणि वारसा चालू झालाय ना ते बघा. मग अ‍ॅट्रिब्यूट एडिटरमध्ये अ‍ॅडमिनकाउंट क्लिअर करा. तासाभराने परत बघा. पुन्हा १ झालं असेल तर तो कुठल्यातरी दुसऱ्या संरक्षित ग्रुपमध्ये, बहुधा ग्रुपच्या आतल्या ग्रुपमधून, अजून आहे. अ‍ॅडमिनकाउंट १ असलेली सगळी खाती एकदा काढून पाहा, जुन्या लोकांची नावं हमखास सापडतात.

दुसरं. नेटवर्कवरून येणाऱ्या लोकल अ‍ॅडमिन खात्याला यूएसी कापलेलं टोकन देतो. बिल्टइन अ‍ॅडमिनिस्ट्रेटर डिफॉल्टने यातून सुटतो, आणि डोमेनचं खातं लोकल अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्समध्ये असेल तर तेही सुटतं. वीमला सर्व्हर जोडताना अ‍ॅडमिन शेअरवर फाइल ठेवायची असते, कापलेल्या टोकनने ते होत नाही. नेटवर सापडणारा उपाय म्हणजे रजिस्ट्रीत पॉलिसीज-सिस्टिमखाली लोकलअकाउंटटोकनफिल्टरपॉलिसी १ करणं. चालतं, पण त्या मशीनवरच्या सगळ्याच लोकल अ‍ॅडमिन खात्यांना रिमोट पूर्ण हक्क मिळतात. अनेक सर्व्हरवर एकच लोकल पासवर्ड असेल तर एका मशीनचा हॅश ते सगळे उघडतो. करायचंच असेल तर आधी विंडोज लॅप्स (प्रत्येक मशीनला वेगळा लोकल अ‍ॅडमिन पासवर्ड देणारी सोय) लावा, २०१९ वर ते एप्रिल २०२३ च्या अपडेटपासून अंगभूत आहे.

मी असं करीन. डोमेनमध्ये वीमसाठी प्रत्येक सर्व्हरचं वेगळं सेवा खातं, ते फक्त त्या सर्व्हरच्या लोकल अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्समध्ये, आणि जीपीओने त्याला 'डिनाय लॉग ऑन लोकली' व 'डिनाय लॉग ऑन थ्रू रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेस'. वीम स्वतः वर्कग्रुपमध्ये असलं तरी डोमेनचं नाव पुढे लावून हे खातं वापरता येतं. या खात्याला 'डिनाय अ‍ॅक्सेस टु धिस कॉम्प्युटर फ्रॉम द नेटवर्क' लावू नका, वीम त्याच वाटेने येतो. सुरक्षेच्या उत्साहात त्याला प्रोटेक्टेड युजर्स ग्रुपमध्येही घालू नका. त्या ग्रुपला एनटीएलएम (ओळख पटवायची जुनी पद्धत) बंद असतं, आणि आयपी पत्त्याने जोडलेला सर्व्हर एनटीएलएमवरच चालतो.

लॉगबुक

ऑडिटरच्या प्रश्नाचा अर्धा भाग नोंदींचा आहे, त्याबद्दल.

सिक्युरिटी लॉगमधले हे क्रमांक गोळा करा: ४६२४ यशस्वी लॉग-ऑन, ४६२५ अयशस्वी, ४६७२ विशेष हक्कांसह लॉग-ऑन. ग्रुपमध्ये माणूस घातला की ग्लोबलसाठी ४७२८, लोकलसाठी ४७३२, युनिव्हर्सलसाठी ४७५६. ४६२४ मध्ये लॉग-ऑन टाइप बघा: १० म्हणजे आरडीपी, ३ म्हणजे नेटवर्क, ४ म्हणजे शेड्यूल्ड टास्क. सेवा खात्याचा टाइप १० दिसला तर लगेच फोन उचला. ४६२५ मध्ये स्टेटस ०एक्ससी०००००१५बी असेल तर पासवर्ड बरोबर आहे, पण त्या प्रकारच्या लॉग-ऑनचा हक्क नाही. डिनायच्या जीपीओने नको त्याला अडवलं की हाच कोड येतो.

मेंबर सर्व्हरवर सिक्युरिटी लॉग डिफॉल्टने २० एमबीचा असतो, गजबजलेल्या फाइल सर्व्हरवर तो फार लवकर स्वतःवरच लिहायला लागतो. आकार वाढवा आणि नोंदी दुसऱ्या मशीनवर पाठवा. सर्ट-इनच्या (केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या) २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस भारतात ठेवायला लागतात आणि घटना कळल्यापासून ६ तासांत कळवायला लागते. व्हीपीएन आणि जंप मशीनचे लॉगही यात धरा.

'ऑडिट द यूज ऑफ बॅकअप अँड रिस्टोर प्रिव्हिलेज' ही पॉलिसी मात्र चालू करू नका. एकेका फाइलमागे नोंद पडते आणि एका रात्रीच्या बॅकअपमध्ये कामाच्या नोंदी वाहून जातात.

टेपलायब्ररी

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर अर्धवट राहिलं होतं. वीमच्या भूमिकेने कन्सोलमधलं डिलीट अडतं. नॅसवर शेअर उघडून फाइल पुसणं अडत नाही. म्हणून नॅस डोमेनला जोडलेला असेल तर तोडा, शेअरवर लिहिण्याचा हक्क फक्त वीमच्या एका नॅस-खात्याला, आणि नॅसच्या अ‍ॅडमिन पानाचा पासवर्ड वीम सर्व्हरवर कुठेही, ब्राउझरमध्येसुद्धा, साठवलेला नको.

त्यापुढे जायचं तर वीमची हार्डन्ड रिपॉझिटरी. लिनक्सची स्वतंत्र फिजिकल मशीन, डिस्कवर एक्सएफएस ही फाइल सिस्टिम, आणि जोडताना सिंगल-यूज क्रेडेन्शियल्स, म्हणजे पासवर्ड वीममध्ये साठत नाही. इम्युटेबिलिटी, म्हणजे बॅकअप पुसता किंवा बदलता न येण्याची मुदत, किमान ७ दिवस असते. तुमच्यासाठी १४ ठेवा, दिवाळीच्या सुट्टीत काही झालं तरी परत आल्यावर हातात काहीतरी असतं. बसवून झालं की एसएसएच (लिनक्समध्ये रिमोट शिरायची वाट) बंद, फक्त अपग्रेडपुरतं उघडायचं. वीमकडून ६१६२ आणि डेटासाठी २५०० ते ३३०० एवढे पोर्ट उघडे लागतात.

या मशीनची आयलो किंवा आयड्रॅकची (मशीन लांबून हाताळायच्या पोर्टची) केबल व्हीपीएनवाल्या नेटवर्कला लावू नका. तिथून शिरणारा आरएआयडीच (डिस्कचा संच) पुसू शकतो किंवा घड्याळ पुढे सरकवू शकतो, आणि इम्युटेबिलिटीची मुदत घड्याळावर चालते. ती केबल काढून ठेवा आणि लागेल तेव्हा सर्व्हर रूममध्ये जाऊन लावा. एएमसीच्या करारात या मशीनचं नावच नसलेलं बरं.

डिस्क घेताना जागेचा हिशेब सोडू नका: मुदत संपेपर्यंत जुनी साखळी (एक फुल बॅकअप आणि त्यापुढचे फक्त बदलांचे इन्क्रिमेंटल) तुम्हालाही पुसता येत नाही. तुमच्या एका फुल बॅकअपचा आकार आणि रोजच्या इन्क्रिमेंटलचा सरासरी आकार इथे टाकलात तर किती टीबी लागेल ते काढून देतो.